इडलीपात्रातलं इंजिन

आमच्या घरात ‘गास्केट गेली’ हे वाक्य वर्षातून दोनदा तरी ऐकू येतं. ते कुकरबद्दल असतं. शिट्टी होईना, झाकणाच्या कडेनं वाफ जायला लागली, की बायको ती काळी रिंग काढते, नळाखाली धरते, ताणून बघते आणि नवी आणायला मला महाद्वार रोडला पिटाळते. जुनी काढून नवी बसवायला तिला कांदा चिरण्याइतकाही वेळ लागत नाही. त्यामुळं २००८ सालच्या मे महिन्यात मी बोळातून आत येऊन ‘आपल्या गाडीची हेड गास्केट उडाली’ असं पडलेल्या आवाजात सांगितलं, तेव्हा ती मेथी निवडता निवडता म्हणाली, ‘‘मग बदला की.’’

बदलली. चार रविवार लागले.

गाडी म्हणजे मारुती ८००. १९९६चं मॉडेल, आणि मी तिचा तिसरा मालक. १४ डिसेंबर १९८३ला इंदिरा गांधींनी पहिल्या गिऱ्हाइकाच्या हातात या गाडीच्या किल्ल्या दिल्या, तेव्हा मी बँकेत नुकताच चिकटलो होतो. ‘आपणही एक दिवस’ असं म्हणता म्हणता पुढची वीस वर्षं मी स्कूटरला किका मारण्यात घालवली. मग ही आली. तीन सिलिंडर, ७९६ सीसी. आमच्या बापूच्या भाषेत ‘शिलाई मशीन’. बापू एसटीच्या वर्कशॉपमधून फिटर म्हणून रिटायर झालेला. ज्या इंजिनात माणूस अर्धा आत उतरून काम करू शकत नाही, त्याला तो इंजिन मानत नाही.

गास्केट उडाली आंबा घाटात. रत्नागिरीहून परत येत होतो. गाडीत आम्ही दोघं, दोन मुलं, डिकीत हापूसच्या दोन पेट्या. साखरपा मागं पडलं, चढ सुरू झाला, आणि पुढं चिऱ्यांनी भरलेला ट्रक आला. तो पहिल्या गिअरमध्ये, त्याच्या मागं मी. दुपारचे दोन. गाडी पळत असते तेव्हा समोरचा वारा रेडिएटर गार करतो. गाडी रांगायला लागली की ते काम विजेच्या पंख्यानं करायचं असतं. आमचा पंखा गप्प होता. का गप्प होता ते शेवटी सांगतो. बापूला अजून सांगितलेलं नाही.

काटा लाल पट्ट्याकडं सरकायला लागला. अशा वेळी हीटर लावला की इंजिनातली थोडी उष्णता गाडीच्या आत ओढून घेता येते, हे मी कुठंतरी वाचलं होतं आणि ते खरंही आहे. मी हीटर लावला. मे महिना, आंबा घाट, दुपारचे दोन, आणि हीटर! बायकोनं माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं, तिच्यापुढं तो लाल पट्टा गुलाबी वाटावा. मुलांनी खिडकीतून डोकी बाहेर काढली. मागचे आंबे त्या दिवसात पिकले असावेत.

शेवटी बॉनेटमधून वाफ निघाली तेव्हा थांबलो. आणि इथं मी ती चूक केली जी आपल्याकडचा प्रत्येक सुशिक्षित माणूस करतो. तापलंय ना, मग गार करा. कॅनमधलं सगळं पाणी मी इंजिनावर ओतलं. तापल्या तव्यावर पाणी मारल्यासारखा ‘चर्रर्र’ आवाज आला. वरच्या वळणावर थांबलेल्या ट्रकचा ड्रायव्हर हात हलवत खाली पळत येत होता, ‘‘वतू नका! पाणी वतू नका, साहेब! आपापलं गार हू दे!’’ तो पोचला तेव्हा कॅन रिकामा होता. त्यानं इंजिनाकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं आणि काही न बोलता परत गेला. मयताच्या घरी जाऊन आल्यासारखा.

टेम्पोला दोर बांधून गाडी मलकापूरमार्गे शिवाजी पेठेत आमच्या बोळात आली. दुसऱ्या दिवशी बापू आला. त्यानं कुठलंही यंत्र लावलं नाही. तेल ओतायचं झाकण फिरवून काढलं, उलटं केलं आणि माझ्या नाकासमोर धरलं. आतल्या बाजूला मळकट पांढरी साय.

‘‘काय हे?’’ मी विचारलं.

‘‘पांढरा रस्सा,’’ बापू म्हणाला. ‘‘तेलात पाणी शिरलंय. गास्केट उडाली.’’

कोल्हापुरात पांढरा रस्सा म्हटलं की माणसाचा चेहरा खुलतो. पांढरा रस्सा ऐकून माझं तोंड पडलं, ते त्या दिवशी पहिल्यांदाच.

संध्याकाळी आमचं मंडळ जमलं. बापू, आयटीआयमध्ये टर्नर घडवण्यात तीस वर्षं काढलेले मास्तर, दिवाणी दावे चालवणारे वकील, आणि माझा बारावीची परीक्षा देऊन रिकामा झालेला भाचा. मास्तरांनी वहीच्या पुठ्ठ्यावर चित्र काढून गास्केट म्हणजे काय ते सांगितलं. इंजिनाचं खालचं अंग म्हणजे ब्लॉक, त्यावरचं झाकण म्हणजे हेड, आणि दोघांच्या मध्ये जेमतेम पुठ्ठ्याएवढ्या जाडीचं हे पान. त्याला तीन मोठी भोकं सिलिंडरची. आजूबाजूला बारकी भोकं, काही पाण्याची, काही तेलाची. म्हणजे आग, पाणी आणि तेल तिघंही बोटाच्या पेराएवढ्या अंतरावर राहणार, रोज एकमेकांच्या शेजारून जाणार, पण कुणी कुणाच्या हद्दीत पाय टाकायचा नाही.

‘‘वाटणीनंतरचे भाऊ,’’ वकील म्हणाले. ‘‘मधली भिंत पडली की माझ्याकडं येतात.’’

पेठेतल्या एका गॅरेजवाल्यानं साडेचार हजार सांगितले होते. ते ऐकून बापूला अपमान झाल्यासारखं वाटलं. ‘‘कशाला द्यायचं? आपण हाय न्हवं?’’ या वाक्यानं कोल्हापुरात किती गाड्या, किती पंप आणि किती टेपरेकॉर्डर उघडले गेले असतील! पण आमचाही नाइलाज आहे. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी १९१८च्या सुमारास सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला, त्या गावातल्या माणसाला मिक्सर दुरुस्तीला टाकतानासुद्धा पूर्वजांची लाज वाटते.

पहिला रविवार उतरवण्याचा. बोळात जुनी चादर पसरली. उतरवायचं म्हणजे काय ते मला तोवर ठाऊक नव्हतं. मला वाटत होतं, झाकण काढायचं, रिंग बदलायची, झाकण लावायचं, कुकरचे संस्कार. प्रत्यक्षात एअर फिल्टर काढला, त्याखाली कार्बोरेटर निघाला. तो काढला, मग नळ्या निघाल्या. प्रत्येक नळीखाली आणखी एक नळी. रेडिएटरचं पाणी घमेल्यात सोडलं, ते चहाच्या रंगाचं होतं; मी पाच वर्षं त्यात नळाचं पाणी भरत आलो होतो. ‘‘कूलंट का घालत नाहीस?’’ मास्तरांनी विचारलं. ‘‘पाण्याला पैसे?’’ असं माझ्या तोंडून गेलं. त्यावर मास्तर पुढं तासभर माझ्याशी बोलले नाहीत.

सायलेन्सरकडचे बोल्ट गंजून घट्ट बसलेले. मी रॉकेल मागायला आत गेलो. मग फडकं मागायला गेलो. मग जुना टूथब्रश. मग टायमिंग बेल्टच्या खुणा करायला नेलपॉलिश. वरच्या आणि खालच्या दोन्ही दातेरी चाकांवर लाल ठिपके देऊन ठेवायचे. बसवताना बेल्टचा एक दात जरी चुकला तर व्हॉल्व्ह भलत्या वेळी उघडतात. पाचव्या खेपेला बायको दारातच उभी राहिली. ‘‘एकदाच यादी करून आणा,’’ ती म्हणाली. ‘‘वाण्याकडं तरी असंच जाता का?’’

त्यानंतर मी जे नेलं ते न विचारता नेलं.

कारण हेडचे आठ बोल्ट निघाले तेव्हा मास्तरांनी फर्मान काढलं की प्रत्येक बोल्ट आपापल्या जागेच्या नंबरानं ठेवला पाहिजे. बापूनं आयुष्यभर सगळे बोल्ट एका डबड्यात टाकले होते. ‘‘ओळखू येत्यात की,’’ तो म्हणाला. वाद वाढायला लागला तेव्हा मला स्वयंपाकघरातल्या फडताळावरचं इडलीपात्र आठवलं. एका थाळीत चार खळगे. दोन थाळ्यांत आठ बोल्ट, तिसरीत मॅनिफोल्डचे नट, चौथीत बारकंसारकं. थाळ्या एकीवर एक दांडीत अडकवल्या की सगळं इंजिन क्रमवार उभं! अभियांत्रिकीत माझं एवढं एकच योगदान आहे आणि मला आजही त्याचा अभिमान वाटतो. मास्तरांनी पाठीवर थाप मारली. वकिलांनी स्केच पेननं खळग्यांना नंबर घातले.

हेड उचललं. गास्केटवर दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधला पट्टा करपून गेलेला. एवढासा. पापडाचा कडेचा तुकडा जळावा तेवढा. या एवढ्याशासाठी बोळ भरला होता.

बोळ खरोखरच भरला होता. सकाळी रंकाळ्यावर फिरून येणारी मंडळी घराकडं जाता जाता थांबत. आपल्याकडं उघडं बॉनेट ही सार्वजनिक मालमत्ता आहे. रस्त्यात अपघात झाला तर लोक लांबून बघतात. बॉनेट उघडं दिसलं की जवळ येऊन हात घालतात. ‘‘प्लग बघितला का?’’ असं एकानं विचारलं. हेड चादरीवर आडवं पडलं होतं, प्लग इडलीपात्रात होते, तरी त्यानं विचारलं. दुसऱ्यानं, जाता जाता, ‘‘थर्मोस्टॅट काढूनच टाका, आपल्या हवेला त्येची गरज न्हाई,’’ असा सल्ला दिला. हा सल्ला महाराष्ट्रातल्या प्रत्येक गाडीवाल्याला एकदा तरी मिळालेला असतो. खरं तर तो व्हॉल्व्ह इंजिनाला लवकर योग्य तापमानाला आणतो आणि मग तिथंच ठेवायला मदत करतो. तो काढला की इंजिन सकाळी कुडकुडत चालतं आणि पेट्रोल जास्त पितं. मास्तरांनी हे समजावून सांगेपर्यंत सल्ला देणारा मटणाच्या दुकानाच्या रांगेत पोचला होता.

त्या दिवशी माझ्या हातून एकच गुन्हा घडला. ब्लॉकवर चिकटून बसलेली जुनी गास्केट खरवडायला मी घरातलं लोखंडी उलथनं आणलं. ब्लॉक बिडाचा, त्याला फारसं काही झालं नाही. मग मी तेच उलथनं घेऊन हेडकडं वळलो. हेड ॲल्युमिनियमचं. मास्तर असे ओरडले की भाच्याच्या हातातला कप पडला. ‘‘लाकडानं! लाकडानं खरवडायचं! एक चरा पडला की तिथून पाणी वाट काढतं!’’ मग लाकडी डाव आला. तोही न विचारता.

दुसऱ्या रविवारी उद्यमनगर. म्हणजे खरं तर मधल्याच एका वारी हेड पोत्यात गुंडाळून आम्ही तिथं गेलो, कारण रविवारी कोण दुकान उघडतंय. पुण्या-मुंबईच्या वाचकांना सांगायला हवं: कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर म्हणजे लेथ आणि ग्राइंडरची अशी वस्ती आहे की तिथं तुम्ही तुटका भाग दाखवलात तर ‘मिळणार नाही’ असं कुणी म्हणत नाही; ‘उद्या या’ म्हणतात. तिथल्या मेस्त्रींनी हेडवर सरळ पट्टी ठेवली आणि खालून उजेड बघितला. मास्तरांनी खिशातून फीलर गेज काढलं. पट्टी आणि हेड यांच्यात पाच शतांश मिलिमीटरपेक्षा, म्हणजे साधारण केसाएवढ्यापेक्षा, जास्त फट असता कामा नये. आमच्या फटीत केसांची वेणी गेली असती.

‘‘किती गरम केलासा ह्याला?’’ मेस्त्रींनी विचारलं.

मी वकिलांकडं बघितलं. वकील म्हणाले, ‘‘उत्तर द्यायचं बंधन नाही.’’

‘‘वरनं गार पाणी मारलासा व्हय?’’

मी गप्प. मेस्त्रींनी हेड मशीनवर बांधलं आणि एक पदर काढून दिलं. असं चकचकीत झालं की त्यात तोंड दिसावं. मी माझं बघितलं नाही.

तिसरा रविवार जोडण्याचा, आणि खरा तमाशा त्या दिवशी. नव्या गास्केटवर बारीक अक्षरांत ‘टॉप’ असं छापलं होतं. वकिलांचं म्हणणं, ती कंपनीची जाहिरात आहे, टॉप क्लास अशा अर्थानं. मास्तरांनी गास्केट उलटी धरून ब्लॉकवर ठेवून दाखवली, तेव्हा तेलाचं एक बारकं भोक झाकलं गेलं. त्या भोकातून तेल वर कॅमशाफ्टकडं जातं. ते बंद झालं की वरचं सगळं कोरडं फिरणार आणि महिन्याभरात पुन्हा चादर पसरावी लागणार. वकिलांनी आपला मुद्दा मागं घेतला, पण ‘‘मसुदा मोघम आहे’’ असा शेरा मारलाच.

मग बोल्ट. हेडचे बोल्ट वाटेल तसे आवळायचे नसतात. मधल्यापासून सुरू करून कडेकडं जायचं, आलटून पालटून, आणि तेही एकदम नाही, दोन-तीन फेऱ्यांत. हे माझ्या बायकोला खिडकीतून ऐकू गेलं. ‘‘म्हणजे लोणच्याच्या बरणीला दादरा बांधतो तसं,’’ ती म्हणाली. ‘‘एकीकडूनच ओढला की दुसरीकडं चुणी पडते आणि मुंग्या जातात.’’ मास्तरांनी पाना खाली ठेवला आणि खिडकीकडं बघून मान डोलावली. आयटीआयच्या तीस वर्षांत त्यांना हा दाखला सुचला नव्हता.

प्रश्न होता, किती आवळायचं. मास्तरांनी मखमलीच्या पिशवीतून टॉर्क पाना काढला. देव्हाऱ्यातला टाक काढावा तसा. ठरवलेला जोर झाला की तो ‘टक्’ असं बोलतो. बापूला हा स्वतःच्या दंडाचा अपमान वाटला.

‘‘चाळीस वर्सं हातानं आवळलंय. एक गाडी घाटात सोडली न्हाई.’’

‘‘एसटीचं हेड बिडाचं. हे ॲल्युमिनियमचं आहे, बापू. आटे जातील.’’

‘‘आटे जात्यात ते हात नसलेल्यांचं.’’

बापूचा हात काय आहे हे आम्हाला माहीत होतं. पहिल्याच रविवारी त्यानं सायलेन्सरचा एक गंजका बोल्ट ‘जरासा हलवून’ बघितला होता आणि तो मुळापासून तुटून हातात आला होता. शेवटी वकिलांनी तडजोड केली. मास्तरांनी टॉर्क पान्यानं आवळायचं, वकिलांनी मॅन्युअलच्या झेरॉक्सवरून नंबर पुकारायचे, बापूनं फक्त बघायचं. वकील कोर्टातल्या आवाजात ‘‘क्रमांक एक’’ म्हणत, मास्तर आवळत, टक्. ‘‘क्रमांक दोन.’’ टक्. मधेच चहा आला. चहा पिऊन पुढं. तिन्ही फेऱ्या झाल्या. मास्तरांनी पाना पुसून पिशवीत ठेवला.

बापू उठला. त्यानं साधी गोटी घेऊन एकेका बोल्टवर नुसता हात ठेवून बघितला. सहाव्यावर थांबला.

‘‘ह्यो ढिला हाय.’’

‘‘शक्य नाही,’’ मास्तर म्हणाले आणि पिशवीतून पाना परत काढला. सहावा बोल्ट अर्धा फेरा सहज फिरला आणि मग टक्. कुणी काही बोललं नाही. मग भाचा म्हणाला, ‘‘मामा, चहा आला तेव्हा वकीलकाकांनी पाचनंतर सात म्हटलं होतं.’’ वकिलांनी झेरॉक्स घडी करून खिशात घातली. बापूनं तंबाखू मळायला घेतली. इतक्या शांतपणे जिंकलेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. पण एक सांगतो, त्या दिवसानंतर बापूनं टॉर्क पान्याला नावं ठेवली नाहीत आणि मास्तर कुठलंही काम झालं की ‘‘बापू, एकदा हात लावून बघ’’ म्हणायला लागले.

चौथ्या रविवारी तेल नवं घातलं, कूलंट घातलं (मीच विकत आणलं, मास्तरांना पावती दाखवली) आणि किल्ली फिरवली. इंजिननं घसा खाकरला आणि कार्बोरेटरमधून असा फटाका वाजला की समोरच्या तालमीच्या कौलांवरचे पारवे उडाले आणि दोन पैलवान बाहेर आले. तीन प्लग, तीन वायरी. क्रम एक, तीन, दोन. मी एक, दोन, तीन असा लावला होता, बँकेच्या सवयीनं. वायरी बदलल्या. पुन्हा किल्ली. आणि ती चालू झाली! शिलाई मशीनसारखीच. बापूनं तेलाचं झाकण काढून आत बघितलं: काळं-सोनेरी, स्वच्छ. पांढरा रस्सा गेला होता.

पण इंजिन जागच्या जागी चालू ठेवलं, तसा काटा चढायला लागला आणि पंखा काही सुरू होईना. बापू टेस्ट लॅम्प घेऊन वाकला आणि दोन मिनिटांत गिअरबॉक्सच्या बाजूला लोंबकळणारी पंख्याची पिन त्यानं शोधून काढली. ‘‘ही कुणी काढली?’’ सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं. मी पारवे परत आले का ते बघत होतो.

एप्रिलमध्ये मी गाडीला रिव्हर्स हॉर्न बसवला होता. मागं घेताना गाणं वाजतं तो. त्याची वायर गिअरबॉक्सच्या स्विचमधून घेतात. मित्रांना न बोलावता, एकट्यानं, अर्ध्या तासात बसवला होता. सगळं जमलं होतं. फक्त एक पिन वाटेत येत होती, ती जरा बाजूला केली होती.

खर्चाचा हिशेब माझ्या वहीत आहे. गास्केट आणि फेसिंग मिळून जेवढे झाले, त्याच्या दुप्पट चार रविवारच्या मिसळीचे आणि कटवड्यांचे. एकूण बेरीज साडेचार हजारांच्या पुढं गेली. गाडी मात्र पुढं सहा वर्षं चालली. आंबा घाटही अनेकदा चढली, हीटर न लावता. २०१४च्या जानेवारीत कंपनीनं हे मॉडेल बनवणं बंद केलं, त्याच वर्षी मी ती विकली. घेणाऱ्याला रिव्हर्स हॉर्न फार आवडला.

इडलीपात्र मी रॉकेलनं, मग साबणानं, मग चिंचेनं, मग पुन्हा साबणानं धुतलं. खळग्यांतले स्केच पेनचे नंबर अजून पुसट दिसतात, एक ते आठ. बायकोनं त्यात पहिली इडली केली, तोडून वास घेतला आणि पात्र माळ्यावर टाकलं. तेव्हापासून आमच्याकडं इडली खायची झाली की आम्ही उडप्याकडं जातो.